ताटं मांडता मांडता

आमची नात बालवाडीत होती तेव्हा तिला शंभरपर्यंत आकडे तोंडपाठ होते. भिंगारच्या आमच्या घरी कुणी आलं की मी तिला मधोमध उभी करायचो आणि ती आरती म्हणावी तशी सुरू व्हायची. एकोणसाठला दम घ्यायची आणि पुन्हा सुसाट. मी नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर म्हणून लेथवर मापं मोजत नोकरी केलेला माणूस. पोरीचं डोकं माझ्यावर गेलंय, असं ज्याला त्याला सांगत असे.

एकदा तिला आणायला गेलो, तर बालवाडीच्या बाईंनी मला थांबवलं.

"आजोबा, आकडे छान म्हणते. पण तीन मणी दे म्हटलं की मूठभर देते. घरी जरा मोजण्याचे खेळ घ्या ना."

मला ते लागलं. त्याच दिवशी चिंचोके काढले, ओळीनं मांडले आणि तिला मोजायला बसवलं. तिचं बोट चौथ्या चिंचोक्यावर आणि तोंड सातावर! मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायचो. दोन-चार दिवसांत अशी गत झाली, की चिंचोक्यांचा डबा वाजला रे वाजला की पोरगी पलंगाखाली.

मी खाली वाकून तिला बाहेर बोलावत होतो, तेव्हा बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, पोरीला शिकवताय का धरताय? या इकडं." ती काष्टीकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बोली तीच. मग पलंगाकडं तोंड करून तिनं हाक दिली, "बाय, जेवाय बसायचंय. ताटं मांडती का?"

पोरगी लगेच बाहेर आली. मांडणीवरून एक ताट घेतलं आणि पाटासमोर ठेवलं. "हे आईचं." परत गेली, दुसरं आणलं. "हे बाबांचं." तिसरं आजीचं, चौथं माझं, शेवटचं तिचं स्वतःचं. दर खेपेला एकच ताट, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. मी मधेच "किती झाली?" विचारणार होतो, पण बायकोनं डोळे वटारले.

रोज संध्याकाळी हेच चालू झालं. ताटांनंतर वाट्या, मग पेले. एकदा वाटी कमी पडली, तर कुणाची राहिली ते तिनं आमच्या तोंडांकडं बघून शोधलं. हळूहळू खेपा कमी झाल्या. एके दिवशी पाचही ताटं एकदम घेऊन ती डुलत डुलत आली आणि म्हणाली, "पाच आणली." तेव्हा बोट आणि तोंड एकाच जागी होतं.

त्याच सुमारास माझ्या मुलाला चाकणला नोकरी लागली. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. पहिल्याच सोमवारी तिनं नेहमीसारखी पाच ताटं मांडली. सून हळूच म्हणाली, "बाळा, बाबा नाहीत ना आज."

तिनं बापाचं ताट उचललं, पण मांडणीवर ठेवलं नाही. ते पोटाशी धरून उरलेल्या ताटांकडं बघत राहिली.

"बाबा नसले की चार," ती म्हणाली.

"बरोबर," मी म्हणालो. वजाबाकी तिला मी शिकवली नव्हती.

"आबा, मग बाबा तिकडं किती?"

"एक."

"एकटेच?"

सुनेनं भाजी वाढायला घेतली. जेवणं झाल्यावर मुलाचा फोन आला, तर नातीनं आईच्या हातून मोबाईल ओढून घेतला. "बाबा, तुम्ही एकच ताट घ्या हां. आणि एक वाटी. जास्त घेऊ नका." तिकडून तो हसत होता, पण पोरगी अगदी गंभीर. हिशोब चुकला तर तिकडं एक ताट रिकामं राहील, असं तिला वाटत असावं.

पुढं एका शनिवारी मुलगा सोबत खोलीवरचा मित्र घेऊन आला. पारनेरकडचा, बोलायला लाजरा. त्याला गावी जायला दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती, म्हणून रात्री आमच्याकडंच मुक्काम. आम्ही सगळे गप्पांत. पोरगी दारातून नव्या माणसाला न्याहाळून गेली आणि थोड्या वेळानं आतून ताटं घेऊन आली. ताटांचा ढीग तिच्या हनुवटीला टेकलेला. कुणी तिला सांगितलं नव्हतं. एकेक ताट मांडत गेली आणि शेवटचं पाहुण्यासमोर ठेवलं.

"पाच आमची असतात," तिनं त्याला समजावलं. "तुम्ही सहावे."

बायकोनं तव्यावरची भाकरी तशीच सोडून तिचा मुका घेतला. भाकरी करपली. पाहुण्यानं ती मागून घेतली आणि दोन घास जास्तच जेवला. तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव सहावे काका पडलंय. आता तो कधी फोन करतो तेव्हा स्वतःच सांगतो, "आबा, सहावा बोलतोय."