फलाटावरची परकी बाई

मला चेहरे ओळखू येत नाहीत. नजर घारीसारखी आहे. नाकावरचा तीळ, भुवईतला एकुलता पांढरा केस, सगळं दिसतं. पण हे तुकडे जोडून ‘अरे, हा तर अमुक!’ असं सांगणारा मेंदूचा भाग, डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडे जन्मापासून गप्प आहे. त्यामुळे रत्नागिरीच्या बाजारात मी सरसकट सगळ्यांकडे बघून हसतो. माझ्याइतका प्रेमळ गृहस्थ गावात दुसरा नाही, अशी माझी ख्याती आहे.

बायकोला मी चालीवरून ओळखायचो. लहानपणी ती आंब्याच्या कलमावरून पडली, तेव्हापासून डाव्या पायावर किंचित झुकून चालायची, लाटेवर होडी कलावी तशी. यंदा गुडघा फारच छळायला लागला, तेव्हा मुंबईला बहिणीकडे राहून तिने ऑपरेशन करून घेतलं. दोनेक महिन्यांनी फोन आला.

“अगदी सरळ चालते हो मी आता! शनिवारी येतेय.”

आता हिला ओळखायचं कशावरून? “साडी कुठली नेसशील?”

“सांगणार नाही. हाकही मारणार नाही. इतकी वर्षं मीच मारतेय. एकदा तरी चालीला नाही, मला ओळखा तुम्ही.”

हसत म्हणाली, पण शेवटचे शब्द ओले होते.

शनिवारी पहाटे स्टेशनवर धुकं इतकं होतं, की गाडी आली ती आवाजच न करता आल्यासारखी. माणसं उतरून तरंगत येत होती, पाण्यावर काढलेल्या चित्रांसारखी. जवळ आली की चेहरे विरघळायचे. सगळ्याच बायका सरळ चालत होत्या.

जिन्यापाशी मोरपंखी साडीतली एक बाई माझ्याकडे बघत उभी होती. आणि काय सांगू! छातीत धडधड, तळव्यांना घाम. पन्नाशी उलटलेल्या माणसाला शोभतं का हे? तेही बायको एवढ्यात उतरणार असताना! मी सभ्यपणे पाठ फिरवली आणि दूरच्या डब्यांकडे बघत राहिलो.

फलाट रिकामा झाला.

“अहो.”

आवाज तिचा. वळलो, तर मोरपंखी साडी, आणि डोळ्यांत पाणी.

“बघितलंत माझ्याकडे, आणि चक्क पाठ फिरवलीत!”

“अगं, एक परकी बाई बघून काळीज उडालं माझं. म्हटलं, बायकोने पाहिलं तर काय म्हणेल!”

“कुठली मेली परकी बाई?”

“मोरपंखी साडीतली.”

डॉक्टरांनी पुढे सांगितलं, कधीकधी ओळख अंगाला पटते आणि मनापर्यंत बातमीच पोचत नाही. तिला त्या पहाटे डॉक्टर लागला नाही. तिने स्वतःच्या पदराकडे पाहिलं, मग माझ्या घामेजलेल्या तळव्यावर बोट टेकवलं, आणि रडता रडता हसत सुटली.

“थांबा इथेच,” बॅग माझ्या पायाशी ठेवत ती म्हणाली. “मी पुन्हा येते.”

आणि धुक्यात जिन्यापर्यंत जाऊन ती वळली, आणि सावकाश माझ्याकडे चालत येऊ लागली.