इंगवले काका, ट्रेनर, वय एकाहत्तर

सामना चालू असताना इंगवले काका चेंडूकडे बघतच नसत. सगळे डावीकडे बघत असले की हे उजवीकडे तोंड करून उभे. पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी दिसत असावं.

"चेंडू काय बघायचा?" ते कोल्हापुरी ठसक्यात म्हणाले. "ज्याच्याकडं चेंडू न्हाई, तो पोरगा काय करतोय ते बघ. गोल तिथंच खातो आपण."

मी तेव्हा हॅनोव्हरला इंजिनिअरिंगची पीएचडी करत होतो. माझा खेळ इतका थोर होता की कॉलेजच्या फुटबॉल संघानं मला सन्मानानं चिटणीस केलं. त्यामुळे ट्रेनर निवडणाऱ्या चौघांच्या समितीत मी आपोआप आलो. जर्मनीनं नुकताच वर्ल्ड कप जिंकला होता आणि देशातल्या प्रत्येक तिशीच्या माणसाकडे फुटबॉलचं स्वतःचं तत्त्वज्ञान तयार होतं. आमच्याकडे असे तीन तत्त्वज्ञ येऊन गेले. तिघांनी लॅपटॉपवर बाणांची चित्रं दाखवली आणि जरा बरी नोकरी मिळताच तिघंही निघून गेले. मग एकच अर्ज आला, इंगवले काकांचा.

कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलेले काका सत्तरच्या दशकात इथल्या फाउंड्रीत नोकरीला आले आणि नोकरी सांभाळून तीस वर्षं आसपासच्या छोट्या क्लबांना शिकवत राहिले. जर्मनांना आडनाव जमेना, म्हणून ते 'हेर इंगो', म्हणजे श्रीयुत इंगो, झाले.

मुलाखतीत समितीचे अध्यक्ष डॉ. लेमके यांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठे पाहता?"

"मातीत," काका जर्मनमध्ये शांतपणे म्हणाले. "पण तोवर तुमची पोरं जागेवर उभं राहायला शिकतील."

लेमकेंना विनोद कळेपर्यंत नेमणूक होऊन गेली होती.

पहिले तीन आठवडे काकांनी सरावाला चेंडू आणलाच नाही. कुणी कुठे उभं राहायचं, एवढंच. नंतर आम्ही ओळीनं चार सामने हरलो, पण अगदी योग्य जागी उभे राहून. लेमकेंनी बैठक बोलावली. "हेर इंगोंच्या अनुभवाबद्दल आम्हाला नितांत आदर आहे," त्यांनी सुरुवात केली. आमच्या समितीत हा आदर फक्त माणसाला काढायच्या दिवशी व्यक्त होत असे. तीन हात वर गेले. चौथा माझा. तो खाली ठेवायला जे लागतं, ते माझ्याकडे नव्हतं.

"तुमची भाषा एकच आहे, तुम्हीच कळवा," लेमके म्हणाले. मी कळवलं. ईमेलनं. जर्मनमध्ये.

काकांचं उत्तर मराठीत आलं. "गोलकीपर योनासचा डावा गुडघा दुखतोय. तो स्वतः बोलणार नाही. नव्या माणसाला सांग."

नवा माणूस, टोबियस, एकोणतीस वर्षांचा. त्याच्या उत्साहात मला म्हाताऱ्याची लुडबुड नको वाटली. मी सांगितलं नाही. महिन्याभरात एका उडीत योनासचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, त्याचं ते वर्ष संपलं. फेब्रुवारीत टोबियसला मोठ्या क्लबचं बोलावणं आलं आणि समितीला पुन्हा अनुभवाबद्दल आदर वाटू लागला. काकांना परत आणायला अर्थातच मला पाठवलं.

शहराबाहेर भाड्यानं घेतलेल्या बागेच्या तुकड्यात ते सफरचंदाच्या फांद्या छाटत होते.

"अहो काका, त्या मतदानाचं..."

"ते सोड लेका. संघ हरला की ट्रेनर जातोच. सहा क्लबांनी काढलंय मला. गुडघ्याचं सांगितलं होतंस का?"

"नाही."

त्यांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "मला काढायला मीटिंग भरवलीत. त्या पोरासाठी एक वाक्य निघंना तुझ्या तोंडातनं?"

दुसऱ्या दिवशी ते मला योनासच्या खोलीवर घेऊन गेले. "तोंडानं सांगायचं," दारातच बजावलं. मी सांगितलं. योनासनं ऐकून घेतलं, "आख् झो," म्हणजे 'असं होय', एवढंच म्हणाला आणि सुट्टी लागेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. काका तिथून थेट मैदानावर गेले.

चमत्कार वगैरे झाला नाही. त्या वर्षी आम्ही खालून तिसरे आलो. पण पुढची दोन वर्षं एकाही पोराचं दुखणं लपून राहिलं नाही, आणि एकही पोरगा संघ सोडून गेला नाही.

मग एक दिवस काका स्वतःच समितीपुढे आले. "नावं विसरायला लागलोय. काल भलत्याच पोरावर ओरडलो. दुसरा माणूस बघा."

लेमके खरोखर हळहळले. "कसा माणूस बघावा?"

"एकदोनदा काढून टाकलेला. त्याला तुमची भीती नसते, म्हणून पोरांकडं बघायला सवड मिळते."

ही अट मी जाहिरातीच्या मसुद्यात जशीच्या तशी घातली. समितीनं ती वगळली. तीन विरुद्ध एक मतानं.