पोरगा आली

स्टुडिओत तिला सगळे ‘पोरगा’ म्हणत. ‘पोरगा आली का?’, ‘पोरगा चहा प्यायली का?’, ‘पोरगा आज रजेवर गेलीय.’ व्याकरणाच्या एखाद्या मास्तरांनी ऐकलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता, पण तिथे कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. पन्नाशी उलटलेली बाई, नाकावर नवऱ्याने घासूनपुसून बनवलेली चाळिशी, खांद्याला पाण्याची बाटली. ती माइकसमोर उभी राहिली की तिच्या तोंडून बारा वर्षांचा मुलगा बोलायचा, धापा टाकायचा, झाडावरून पडायचा.

बाहेरच्या भाषांतल्या अद्भुत मालिका आणि सिनेमे आपल्या भाषेत आणायचे, हे त्या स्टुडिओचं काम. ती तिथे आली होती टायपिस्ट म्हणून. एका मालिकेतल्या मुलाला आवाज देणारा खराखुरा मुलगा ऐन मध्यावर वयात आला. काल संध्याकाळी मंजुळ बोलून गेला आणि सकाळी आला तो बैल हंबरावा तसा. दिग्दर्शिका बाई डोकं धरून बसल्या. टायपिंगच्या टेबलावरून हिने गंमत म्हणून त्याचं एक वाक्य म्हणून दाखवलं. बाईंनी मान वर केली, हिला दंडाला धरून आत नेलं आणि टाइपरायटर जो सुटला तो सुटलाच.

तेव्हापासून तिने किती पोरं जगवली याला गणती नव्हती. नावं वेगळी, टोप्या वेगळ्या, पोरगं तेच. आईबाप नाहीत. काका-काकूंच्या घरी उष्टीखरकटी काढतं. अंगावर कुठेतरी एक खूण, नाहीतर बापाने मागे ठेवलेली एखादी वस्तू. मग एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा येतो, दारात उभा राहतो आणि म्हणतो, ‘वेळ झाली.’ पुढे जंगल, एक खादाड मित्र, एक हुशार मुलगी, आणि कधीच मरायचं नाही म्हणून साऱ्या जगाला मारायला निघालेला एक काळा राजा. निम्म्या वाटेवर म्हातारा जातो. पोरगं रडतं, डोळे पुसतं आणि एकटं पुढे निघतं.

“यावेळी कोण?” ती नवी संहिता घेऊन घरी आली की नवरा विचारायचा. त्याचं चष्म्याचं दुकान पुढे आणि घर मागे. काच घासता घासता तो सगळं ऐकत असे.

“अनाथ.”

“अरेच्चा! नवीनच काहीतरी.”

दोघं हसायची. पण ती हसत असली तरी तिला त्या पोरांचा कंटाळा कधी आला नाही. दर वेळी ते भांडी घासणारं पोर उंबरा ओलांडायचं आणि दर वेळी तीही त्याच्याबरोबर नव्याने निघायची.

मग तिचा घसा बसायला लागला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, मग काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. “साधी आहे, काढून टाकू,” डॉक्टर म्हणाले. “आवाज परत येईल. तोच येईल, असं मात्र मी सांगत नाही.”

ऑपरेशन झालं आणि तिला तोंड उघडायची बंदी झाली. घरात चमच्याचं राज्य आलं. तिने ताटलीवर चमचा वाजवला की नवरा दुकानातून धावत यायचा आणि कशासाठी वाजवला हे ओळखण्यात दोघांचाही जीव मेटाकुटीला यायचा. “खिडकी लावू? उघडू? गॅस? मग काय, मी?” तो मात्र त्या दिवसांत भरभरून बोलला. म्हणाला, “लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझी वाक्यं पुरी होताहेत.” तिने चमचा फेकून मारला.

बोलायची परवानगी मिळाली तेव्हा ती जेवायला बसली होती. पहिला शब्द कुठला बोलायचा याचा तिने मनात फार विचार करून ठेवला होता, पण आमटी तोंडात गेली आणि निघालं ते एवढंच, “मीठ कमी आहे.”

“कोण बोललं?” नवऱ्याने दचकून विचारलं.

जड कपाट फरशीवरून ओढावं तसा तो आवाज होता. तिचा चेहरा पाहून नवरा ओशाळला. त्याने घाईघाईने एक घोट घेतला आणि म्हणाला, “हो गं. मीठ खरंच कमी आहे.”

ती परत गेली तेव्हा स्टुडिओत नवी मालिका आली होती. पडद्यावर कुंपणावर चढलेलं पोरगं ओरडत होतं. तिने श्वास भरला, मान उंचावली, वर्षानुवर्षं जसं बोलवायची तसं त्याला बोलावलं. हेडफोनमधून ऐकू आली ती पोराचं सोंग घेतलेली एक प्रौढ बाई. तिने पुन्हा केलं, बारीक आवाज काढून केलं. मग स्वतःच हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“बाई,” ती काचेपलीकडे बसलेल्या दिग्दर्शिकेकडे बघून म्हणाली, “पोरगा गेला.”

एरवी ‘गेला’ आणि ‘गेली’ यावरून तिथे विनोद झाला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

दिग्दर्शिका बाई आत आल्या, तिच्याशेजारी बसल्या. त्या तोंडाच्या फटकळ, पण माणूस ओळखून होत्या. “या गोष्टीत म्हातारा नाही,” त्या म्हणाल्या. “म्हातारी आहे. गावाबाहेर मधमाश्या पाळते. पोराला वाट दाखवते. ती तू कर.”

“आणि निम्म्यात मरते.”

“मरते. पण सगळ्यांत चांगली वाक्यं तिलाच आहेत.”

“असणारच! बदलीचा हुकूम हातात द्यायच्या आधी सत्कार करतात, तसं.” तिचा खरखरीत आवाज आणखी फाटला. “म्हणजे आधी मला म्हातारी करा आणि मग मारा.”

“उद्या सांग,” बाई म्हणाल्या.

ती घरी गेली नाही. तडक आजोबांकडे गेली. आजोबा म्हणजे स्टुडिओतला पांढऱ्या दाढीचा आवाज. त्यांना स्वतःला दाढी कधीच नव्हती, पण तरुणपणापासून आवाज असा खर्जातला की पंचविशीतच म्हातारे झाले. तिच्या पोरांना वाट दाखवता दाखवता ते कड्यावरून पडले, विष प्याले, दरवाजा अडवून उभे राहिले आणि मेले. आता निवृत्त होऊन पुतणीकडे, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होते. आपल्याला काहीतरी शहाणपणाचं ऐकायला मिळेल, अशी तिची खात्री होती. आजोबा मोरीत उकिडवे बसून गळक्या नळाशी झटापट करत होते.

“बरी आलीस. हा पाना धर.”

तिने पाना धरला. “आजोबा, तुम्ही इतक्यांदा मेलात. कसं मरायचं?”

“जेवणाआधी. भरल्या पोटी मरता येत नाही, मधेच ढेकर येतो.”

“मी गंमत करत नाहीये.”

“मीही नाही. घट्ट धर.” त्यांनी नळ फिरवला. पाणी जास्तच उडालं. दोघंही भिजली. “अगं, मला काय कळतंय त्यातलं? लिहिलेलं वाचायचो. खरं सांगू, मला तो म्हातारा कधी समजलाच नाही. हा आधी कोण होता, कुणाच्या घरचा, लहानपणी कुणी याला रागावलं होतं का, काही पत्ता नाही. दाढीसकट जन्मल्यासारखा दारात उभा. मला करायचा होता काळा राजा. आयुष्यभर मागितला, कुणी दिला नाही. तुझ्या नव्या मालिकेत कोण करतंय?”

“अजून ठरलं नाही.”

“हूं,” असं म्हणून आजोबांनी नळाकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

शहाणपण काही मिळालं नाही, पण ओल्या बाह्यांनी घरी जाताना तिला पुष्कळ दिवसांनी हसू आलं. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना हो म्हटलं, एका अटीवर. हल्ली प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा, आपापल्या वेळी घेत. तिला नव्या पोराबरोबर एकाच खोलीत उभं राहायचं होतं. बाई कुरकुरल्या, पण दुसरा माइक लावून घेतला.

नवं पोर म्हणजे बसस्थानकावर घोषणा करणारी एक मुलगी होती. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ यापलीकडे तिने माइकवर काही म्हटलं नव्हतं. पडद्यावर पाऊस कोसळत होता. पोरगं म्हातारीच्या झोपडीचं दार बडवत होतं आणि दार उघडताच ओरडत होतं, “मला काहीच येत नाही! सगळे म्हणतात मीच तो, पण मला काहीच येत नाही!”

घोषणावालीने ते वाक्य म्हटलं आणि हिने चमकून तिच्याकडे पाहिलं. तो हिचाच पोरगा होता. तोच चढ, तीच धाप. मुलीने लहानपणापासून टीव्हीवर ऐकलेला आवाज जसाच्या तसा उचलला होता. आपलंच पोर भिजत बाहेर उभं आहे आणि आपण दाराच्या आत आहोत, असं हिला झालं. आणि त्याच क्षणी आजोबांचा प्रश्न आठवला. ही म्हातारी आधी कोण होती? गोष्ट संपते तेव्हा काळा राजा मेलेला असतो, पोरगं जिंकलेलं असतं, पडद्यावर नावं वर सरकतात. मग पुढे? त्या पोरांचं काय होतं? वय होतं. गुडघे धरतात. कुणी राजवाड्यात रमत नाही, ते गावाबाहेर जाऊन मधमाश्या पाळतं. आणि एके दिवशी दारावर थाप पडते.

“आत ये,” ती म्हणाली. “पाय पूस.”

एवढंच वाक्य होतं. पण त्याच दारात एकदा स्वतः भिजत उभं राहिलेल्या माणसाने म्हणावं तसं ते आलं. कपाट ओढल्यासारखा तो आवाज त्या म्हातारीला असा बसला की जणू तिच्याच मापाने बेतला होता. काचेपलीकडे पेन्सिल आपटत बसलेल्या बाईंचा हात थांबला.

चहाच्या सुट्टीत तिने मुलीला बाजूला घेतलं. “छान केलंस. पण माझा पोरगा करू नकोस.”

“मला दुसरा पोरगा माहीतच नाही हो मावशी,” मुलगी रडवेली झाली.

“स्थानकावर गाडी चुकलेली पोरं तुझ्याकडे येत असतील ना? कशी रडतात?”

मुलीने विचार केला. “मुलगे रडत नाहीत. चिडतात. गाडी गेली तर जसं काही मीच ती पळवली. एकजण तर माझ्या खिडकीवर बूट मारून गेला. आणि मग तिथेच बाकावर बसून राहिला, माझ्याकडे न बघता.”

“मग त्याला आण.”

सुट्टीनंतर आला तो निराळाच पोरगा होता. तुसडा, घुम्या, जगाने आपली गाडी पळवल्यासारखा. बाई म्हणाल्या, “हा कुठून उगवला?” आणि काम पुढे सरकलं.

म्हातारीच्या मरणाचा प्रसंग आला तेव्हा ती आजोबांचं ऐकून उपाशी गेली होती. पडद्यावर काळ्या राजाचे शिपाई पुढच्या दाराशी आलेले. म्हातारी पोराला मागच्या बाजूने ढकलते. “मागच्या दाराने जा. पाय वाजवू नकोस. आणि वळून बघायचं नाही.” तिने हे अगदी घरगुती सुरात म्हटलं, शाळेला उशीर झालेल्या पोराला म्हणावं तसं.

संहितेत यावर पोरगं गप्प होतं. पण घोषणावालीच्या तोंडून निघून गेलं, “तुम्ही पण चला ना.”

मूळ चित्रात त्या वेळी पोराची पाठ होती. ओठ दिसतच नव्हते, तेव्हा जादाचं वाक्य खपण्यासारखं होतं. हिने आपल्या माइकपाशी नुसतं “अं हं” केलं आणि हसली. पडद्यावरची म्हातारीही नेमकी तेव्हाच हसत होती.

काचेपलीकडून बाईंचा आवाज आला. “राहू दे ते. काढायचं नाही.”

मालिका लागली. नवऱ्याने दुकानातल्या टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता. फ्रेम लावून बघायला आलेल्या एक वयस्कर बाई आरसा विसरून पडद्याकडे बघत राहिल्या. “ही म्हातारी मरणार बघा,” त्या म्हणाल्या. “असली माणसं गोष्टीत टिकत नाहीत.” आणि ती मेली तेव्हा त्यांनी नवी फ्रेम काढून डोळे पुसले.

नवऱ्याला गप्प बसवेना. “मेली नाही हो. आत आहे. अंडी उकडतेय.”

संध्याकाळी आजोबांचा फोन आला. “चांगली मेलीस,” एवढं बोलून त्यांनी घसा खाकरला. “काळ्या राजाचं काय झालं?” तिने बाईंकडे शब्द टाकलेलाच होता. शेवटच्या भागांसाठी आजोबा टॅक्सीने स्टुडिओत आले, खुर्चीवर बसले आणि असे काही गुरगुरले की घोषणावाली खरोखर मागे सरकली. इतकी वर्षं साठवलेला दुष्टपणा त्यांनी सव्याज बाहेर काढला. घरी जाताना त्यांच्यासारखा आनंदी माणूस त्या रस्त्यावर दुसरा नसेल.

तिला पुढे कामं येत राहिली. जादूगारणी आल्या, सावत्र राण्या आल्या, एकदा तर बोलणारा डोंगर आला. रविवारी सकाळी दुकान बंद असलं की घोषणावाली आणि तिच्या ओळखीच्या दोघी-तिघी तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. काचा, फ्रेमा एका बाजूला सारून टेबलाभोवती उभ्या राहायच्या आणि आळीपाळीने लढायच्या, पळायच्या, प्राण सोडायच्या.

अशाच एका रविवारी तिने “सोडा मला, तुम्ही पळा!” अशी आरोळी ठोकली आणि दारावर धडाधडा थापा पडल्या. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली बाई लाटणं हातात घेऊन उभी होती, पायात चप्पलही नव्हती.

“काय झालं? कोण आहे आत?”

सगळ्या खो खो हसत सुटल्या. तिने त्या बाईचा हात धरून तिला आत घेतलं, खुर्ची दिली, सगळं समजावून सांगितलं. बाई भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत बसली. जाताना म्हणाली, “मी धावत आले ते खरं, पण जिन्यात पाय लटपटत होते हो.”

“गोष्टीतल्या पोराचेही तसेच लटपटले पाहिजेत,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी ये. लाटणं घरी ठेव.”

पुढच्या रविवारी बाई सगळ्यांच्या आधी हजर होती.