सगळे साहेबांच्याच नावाने

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एका एप्रिलमध्ये जळगावातल्या आमच्या संस्थेच्या बदल्यांची यादी सही होण्याआधीच धुळ्याच्या शाखेत वाचली गेली. यादी आमच्या कॉम्प्युटर केंद्रातल्या मोठ्या मशीनवर होती. टर्मिनलवर आम्ही चौघं बसायचो. संशय आमच्यातल्या एकमेव बाईवर घेतला गेला, कारण तिचा नवरा धुळ्याच्या शाखेत होता. ती हंगामी होती. तिला कायम करण्याचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर पडून होता.

मशीनची यात काही कसूर नव्हती. प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड द्यायची, कोणती फाइल कोणी वाचायची आणि कोणी बदलायची हे ठरवायची सोय त्यात होती. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने दोन दिवस ती समजावली. साहेबांनी दोन दिवस मान डोलावली आणि तो गेल्यावर आम्हाला एकच नाव ठेवायला लावलं, स्वतःचं. आमच्याकडे प्रत्येक पत्र साहेबांच्या नावाने जात असे आणि कारकून ‘करिता’ लिहून खाली सही करी. कॉम्प्युटरवरही तसंच चालेल, असं त्यांचं म्हणणं. मशीनमध्ये ‘करिता’ लिहायला जागा नव्हती. पासवर्ड साहेबांच्या लक्षात राहत नसे, म्हणून तो टर्मिनलवर चिकटवलेला होता. खोलीच्या दाराला मात्र दोन कुलपं होती.

चौकशीला नाशिकहून अधिकारी आले. यादीची फाइल कोणी, कधी उघडली याची नोंद त्यांनी छापून मागवली. आमच्यातले सर्वांत जुने, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांनी ती पानं आधी चाळली, प्रत्येक ओळीत एकच नाव पाहिलं आणि तिला अहिराणीत हळूच सांगितलं, “घाबरू नको, अक्का. आठे बठ्ठीकडे साहेबनंच नाव शे.”

अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, की फाइल इतक्या वेळा तुम्हीच उघडली का.

“मला ते मशीन सुरूसुद्धा करता येत नाही,” साहेब म्हणाले. हा त्यांचा बचाव होता, आणि तो मान्य झाला. आम्हा चौघांना कोणी काही विचारलं नाही. चौकशी चहासकट तासाभरात आटोपली. अहवालात मशीन बेभरवशाचं ठरलं. दाराला तिसरं कुलूप आलं.

यादी कोणी बाहेर नेली, ते कळलं नाही. प्रस्ताव साहेबांच्या टेबलावरून पुढे गेला नाही. जूनअखेर तिची मुदत संपली. ती धुळ्याला गेली.