नटवी

सगळी गल्ली त्यांना माळीकाका म्हणायची. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी बागेत कात्री चालवली आणि चुकीची फांदी कधी कापली नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि बढाई असली तरी खरी होती. फुलझाडांचं त्यांना कौतुक नव्हतं. "आठ दिवस मिरवायचं आणि वर्षभर रुसून बसायचं," म्हणत. त्यांचा जीव बारा महिने रंगीत राहणाऱ्या, ताठ अंगाच्या झाडांवर. क्रोटन, घायपात, ड्रॅसिना.

काकू त्याच बागेत तण काढायच्या कामावर होत्या. एकदा हिरव्या ड्रॅसिनांच्या गर्दीत त्यांना अशी एकच फांदी दिसली, जिच्या तलवारीसारख्या पानांना गुलाबी काठ होता. ती काकांच्या नजरेतून सुटली होती, हे काकूंनी त्यांना जन्मभर ऐकवलं. फांदी डब्यात रुजवून त्यांनी ती घरच्या अंगणात लावली आणि नाव ठेवलं नटवी. बघता बघता नटवी माणसाच्या डोक्यावर गेली. पण अशा झाडाला मूळचे हिरवे फुटवे कुठूनही येत राहतात. ते जोमदार असतात, आणि वेळीच कापले नाहीत तर रंगीत फांद्यांना उपाशी मारतात. काकू म्हणायच्या, "हिरवा फुटवा म्हणजे तुमच्याकडचे पाहुणे. चहाला येतात आणि घर बळकावतात."

काकू गेल्या. त्यांच्या मागे त्यांच्या हातचं जिवंत असं नटवी तेवढी उरली.

मग काकांचे डोळे जायला लागले. नस सुकतेय, गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. आधी रंग गेले. गुलाबी काय, हिरवं काय, सगळं चिखलाच्या रंगाचं. लेकीला त्यांनी सांगितलं नाही. ती दूरच्या शहरात चौथ्या मजल्यावर राहायची आणि तिने आधीच बजावलं होतं, "बाबा, डोळ्यांनी दगा दिला की एक दिवसही तुम्हाला इथे एकटं ठेवणार नाही." तिच्या घरात ऊन येणारी एकच खिडकी, आणि तिच्यात कपडे वाळायचे. तिथे नटवीला कुठे नेणार? म्हणून काका गप्प राहिले. चहा सांडला तर कपालाच नावं ठेवत.

कापणीची वेळ आली. शेजारच्या मास्तरीणबाईंना "यातला हिरवा कोणता?" एवढं विचारलं असतं तरी काम भागलं असतं. पण ते बोलणं फोनवरून लेकीपर्यंत पोचलं असतं. काकांनी बोटांवर भिस्त ठेवली. हिरवं पान रुंद आणि जाड, रंगीत पान अरुंद आणि पातळ. वर्षानुवर्षं हेच होतं. फक्त त्या वर्षी लाडाने त्यांनी नटवीला दुप्पट खत घातलं होतं. त्या खतावर रंगीत पानं रुंद झाली, गुबगुबीत झाली, आणि कोवळे हिरवे फुटवे अजून अरुंदच होते. काकांनी रुंद तेवढं सगळं छाटलं, सवयीप्रमाणे बारीक तुकडे केले आणि खताच्या खड्ड्यात मातीआड केले. हात धुताना त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

महिन्याभराने लेक आली. काका अंगणात झाडावर हात ठेवून उभे होते. पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "बाबा, नटवी कुठे हलवलीत?"

काकांना आधी कळलंच नाही. "ही काय."

"ही तर साधी हिरवी आहे."

"नीट बघ. काठ बघ."

तिने एकेक पान उलटून पाहिलं. "नाहीये, बाबा." मग तिने झाड सोडून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

काका खताच्या खड्ड्यापाशी बसले, रुजवता येईल असा एखादा तुकडा लागतो का म्हणून कोपरापर्यंत हात आत घातला. हाताला नुसतं कुजलेलं लागलं. कात्री त्यांनी चाचपडत लेकीच्या हातात दिली.

"तुझ्याकडे कधी निघायचं?" ते म्हणाले.