प्रभाकरला नट लागत नाही

मागच्या वर्षी माझी बायको चांगली सहा महिने एका नटाबरोबर राहत होती. मीही त्याच घरात होतो.

गैरसमज नको. आमच्या सोसायटीतल्या बायकांची भिशी आहे. दर शुक्रवारी भिशी उघडून झाली की त्या एक प्रेमकादंबरी मोठ्याने वाचतात. आणि पहिलं पान उलटायच्या आधी कादंबरीतल्या प्रत्येक पात्राला एकेक नट वाटून टाकतात! कारण भिशीच्या सर्वेसर्वा पाटणकर वहिनी म्हणतात, "चेहरा नसला की माझं लक्ष लागत नाही हो!" (वहिनी साठीच्या पुढच्या. लक्ष लागून पुढे काय करायचंय, हे विचारायची छाती अख्ख्या पनवेलमध्ये कोणाची नाही.) या वेळी नायक होता कॅप्टन विराज. त्याच्यासाठी रात्रीच्या मालिकेतला तो उंच दाढीवाला मुक्रर झाला. नायिका मृणाल म्हणजे तेलाच्या जाहिरातीतली लांब केसांची. झालं! आमची रंजना मेथी निवडता निवडता थांबायची आणि म्हणायची, "अहो, आज तो पार भिजला!"

"कोण?"

"विराज." आणि मेथीवर एक सुस्कारा.

मी हे मनाला लावून घेतलं नसतं, पण मी स्वतः नट आहे! तरुणपणी पनवेलच्या हौशी रंगभूमीवर माझ्याशिवाय नायक नव्हता. (दुसरं कोणी यायचं नाही, हा भाग वेगळा.) रंजनाने मला पहिल्यांदा पाहिलं ते बेलपाड्याच्या जत्रेतल्या नाटकात. मी नायिकेसाठी छातीवर गोळी झेलून सावकाश, चवीने मरत होतो, आणि ही पहिल्या रांगेत तोंडात पदर कोंबून रडत होती. त्या रडण्यावर आमचं लग्न झालं. तेव्हा ती जी कादंबरी वाचायची, त्यातल्या नायकाला माझाच चेहरा असायचा. तिनेच सांगितलं होतं. आता त्या जागेत दाढीवाला भाडेकरू घुसला होता.

तशात गणपती आले. यंदा रेकॉर्ड डान्स नको, मंडपात कादंबरीच वाचू, प्रत्येक पात्र वेगळ्या आवाजात, असं ठरलं. "पुरुषांच्या वाक्यांना पुरुष लागतील," रंजना म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं! पण नटाला तेवढं पुरतं. त्याच संध्याकाळी मी केसांना कलप लावला. (डाव्या कानालाही लागला. तो अजून तरुण दिसतो.) आणि आनंदाच्या भरात मेव्हण्याला फोन केला. इथेच माती खाल्ली.

माझा मेव्हणा जनू बेलपाड्याचा. पूर्वी त्यांची भातशेती होती, आता दोन जेसीबी आणि एक पांढरी गाडी आहे. जनूला प्रेम व्यक्त करायची एकच रीत ठाऊक आहे. फ्लेक्स!

"काय बोलताव दाजी! तुमी परत नायक? मंग बॅनर लावाला नको?"

"अरे, अजून ठरलं नाही..."

"ते ठरल. आमी हाय ना!"

दोनच दिवसांत एसटी स्टँडसमोर मी उगवलो. काळा गॉगल, लग्नाआधीचा फोटो, हातात गुलाब, आणि दुरून वाचता येतील अशी अक्षरं: 'प्रणयकथेतील नायक, आमचे लाडके दाजी!' खाली जनू आणि त्याचे डझनभर मित्र, प्रत्येकाच्या कानाला फोन. रिक्षावाल्याने एकदा फ्लेक्सकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि कळवळून विचारलं, "काका, हे वडील का मुलगा?"

शुक्रवारी आमच्याच घरी बैठक बसली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन, योग्य क्षणी, उजवीकडून प्रवेश केला.

"मग विराजचं काय ठरलं?" मी सहज विचारलं. (आरशासमोर सरावलेलं सहज.)

"विराज मी वाचणार," पाटणकर वहिनी म्हणाल्या.

मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

"वहिनी, तुम्ही बाई आहात!"

"म्हणूनच तर! माझा आवाज ऐकताना डोळे मिटले की तो दाढीवाला दिसतो. तुम्ही वाचायला लागलात तर डोळे मिटूनसुद्धा तुम्हीच दिसता!"

मी एक पायरी उतरलो. "बरं, विराजचा थोरला भाऊ?"

"तो देखणा आहे."

"मृणालचे वडील?"

"ते भारदस्त आहेत."

"डॉक्टर तरी?"

"डॉक्टर हुशार दाखवलाय हो."

"तुम्हाला प्रभाकर दिलाय," रंजना म्हणाली. इतक्या हळुवारपणे, की मला वाटलं माझे रिपोर्टच आले.

प्रभाकर म्हणजे मृणालचा नवरा. सबंध जाडजूड कादंबरीत त्याला एकच वाक्य आहे: "माझा चष्मा कुठंय?" ते तो अधूनमधून म्हणत राहतो. शेवटच्या वेळी म्हणतो तेव्हा मृणाल "टेबलावर आहे" असं सांगते, बॅग उचलते आणि विराजकडे निघून जाते.

"त्याला नट कोणता दिलाय?" मी विचारलं. निदान चेहरा तरी बरा मिळावा!

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी वहिनी म्हणाल्या, "प्रभाकरला नट शोधलाच नाही. गरजच पडली नाही हो! पहिल्या पानापासून आम्ही तुम्हालाच बघतोय!"

"सगळ्या?" मी रंजनाकडे बघत विचारलं.

ती पोह्यांवर लिंबू पिळत होती. "अहो, तोच चेहरा आला डोळ्यांसमोर," ती म्हणाली. "मी तरी काय करू?"

मी गॅलरीत जाऊन जनूला फोन लावला. "फ्लेक्स काढ. आत्ता!"

"नाय दाजी! मधीच उतरवला तं लोकांना वाटल, तुमी गेलाव! तुमी टेन्शन नका घेऊ, मी करतो बरोबर."

त्याने बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी 'नायक' या शब्दावर पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर लाल अक्षरांत 'नवरा'. गॉगल तसाच, गुलाब तसाच. प्रणयकथेतील नवरा! बाजारात लोक मला थांबवून, हात हातात घेऊन, "चालायचंच" म्हणू लागले.

पण मी ठरवलं, आता अभिनयानेच उत्तर द्यायचं. मंडप खचाखच भरला होता. वहिनींनी घोगऱ्या आवाजात असा काही विराज वाचला की मागच्या रांगेतल्या एका आजीबाई लाजल्या. शेवटचं प्रकरण आलं. मृणाल वाचणाऱ्या रंजनाने बॅग उचलली. आमचीच बॅग, लग्नात तिच्या माहेरून आलेली. ती हातात घेऊन ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि मला काय झालं कुणास ठाऊक! चष्म्याचं वाक्य सोडून मी उठलो, गुडघे टेकले (टेकताना ते माइकवर ऐकू आले) आणि ओरडलो, "जाऊ नकोस, रंजना!"

मृणाल नव्हे. रंजना!

ती वळली. शपथेवर सांगतो, क्षणभर तिच्या डोळ्यांत बेलपाड्याची जत्रा होती. पहिली रांग होती. मग तिने पुस्तकात बोट ठेवून आपली ओळ शोधली आणि शांतपणे वाचली,

"टेबलावर आहे."

मंडप कोसळायचा बाकी राहिला! लोक खुर्च्यांवरून घसरले. जनूने शिट्ट्या मारल्या. "काय टायमिंग हो तुमचं!" म्हणत वहिनींनी माझी पाठ थोपटली, आणि सगळे रंजनाबरोबर फोटो काढायला धावले.

मी एकटाच घरी आलो. पेपर उघडला. अक्षरंच दिसेनात! रिकाम्या घरात मी हाक मारली, "माझा चष्मा कुठंय?"

नाकावरच होता. मग अक्षरं का दिसत नव्हती, ते विचारू नका. प्रेक्षक नसले की माझं काम फार नैसर्गिक होतं!