लेईची गोधडी

आमच्या शेजारचे काकाजी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये गाठींवर लेबलं चिकटवायचे. लेईने, म्हणजे खळीने, चिकटत नाही असं जगात काही नाही, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

ताईचं बाळंतपण जवळ आलं आणि आईचे गुडघे धरले. जमिनीवर वाकून बाळाच्या गोधडीचे थर कच्च्या टाक्यांनी टाचणं तिला जमेना. काकाजी मैद्याच्या लेईचं पातेलं घेऊन हजर!

‘‘अहो, गोधडी आहे ही, पतंग नाही!’’ आई म्हणाली.

‘‘देखो वहिनीजी, नुसते ठिपके लावतो. धुतली की लेई गायब.’’

त्यांनी जुन्या लुगड्यांचे थर ओट्यावर अंथरून चिकटवले. ठिपके जरा सढळ पडले. उन्हात वाळून गोधडीचा पापड झाला, भिंतीला टेकवली तर उभी राहिली. आम्ही हसून लोळलो. पण थर तसूभरही हलले नाहीत, आणि आईने खुर्चीत बसून ती आरामात शिवली.

धुवायला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. नळावर स्वतः तीनदा धुतली. वाळल्यावर, मुद्दाम गुळगुळीत दाढी करून आले आणि तिचा एकेक कोपरा गालावर फिरवून पाहिला.

‘‘वहिनीजी, इथे अजून टोचतंय,’’ म्हणाले, आणि चौथ्यांदा बादली भरायला निघाले.